मांत्रिक नाव घेतो तेव्हा



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते दिवसा शाळेत विज्ञान शिकवत आणि गुरुवारी संध्याकाळी भजनात खंजिरी वाजवत. या दोन्हींत विरोध आहे असं त्यांना कधी वाटल्याचं मला आठवत नाही. मी मनोविकारतज्ज्ञ. माझ्या धंद्यातल्या माणसांना मात्र तो विरोध फार वाटतो, आणि देवळातल्या माणसांनाही आमच्याबद्दल वाटतो. आध्यात्मिक उपचार आणि मानसिक आरोग्यसेवा यांची सांगड घालता येईल का, घालावी का, आणि घातली तर कुठे थांबावं, याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात चंद्रपूरजवळच्या आपल्या ऊर्जानगर-दुर्गापूरच्या कुंपणापासून करू. एका अंगाला वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला कोळशाची खाण, आणि त्यापलीकडे लगेच जंगल. रात्रपाळीला निघालेला माणूस इथे घड्याळाआधी झुडपाकडे बघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दिवसांत केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. त्यानंतर कित्येक घरांत अंधार पडल्यावर दार उघडत नव्हतं. अशा घटनेनंतर पंचनामा होतो, पिंजरा लागतो, भरपाईचा धनादेश येतो. घरात कोण झोपत नाही, कोण जेवत नाही, कोण दचकून उठतं, यासाठी त्या कागदात रकाना नसतो.

याच जंगलात तळ्याकाठी ताडोबाचं ठाणं आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव केलं, अशी कथा आहे. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. मरणाला एक जागा दिली, वर्षातला एक काळ ठरवला आणि ज्याला भीती वाटते त्याला सगळ्यांमध्ये बसवलं. आमच्या पुस्तकांत आघातानंतरच्या मानसोपचारावर मोठमोठी प्रकरणं आहेत. त्यांतला बराच भाग, म्हणजे माणसाला एकटं पडू न देणं आणि घडलेलं बोलता येईल अशी चौकट देणं, तारूच्या माणसांना आधीच माहीत होता. पण लगेच जुन्याच्या आरत्या ओवाळायचं कारण नाही. त्याच जुन्यात आणखीही काही आहे, त्याकडे येतोच.

आधी थोडे आकडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर. आपल्याला जवळचं नागपूर. चंद्रपूरहून ते जवळ वाटतं. गडचिरोलीतल्या सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला विचारा.

म्हणून आजारी माणसाचा पहिला थांबा पुजारी. आम्ही डॉक्टर मंडळी याला अज्ञान म्हणून मोकळे होतो. माझ्या मते तो हिशेब आहे. पुजारी गावात असतो, रात्री उठतो, माडिया नाहीतर गोंडी बोलतो, कोंबडं आत्ता नसेल तर पुढच्या हंगामात घेतो, आणि आजाऱ्याला घरच्यांपासून तोडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातले एक आईवडील आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून चालत घरी गेले. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. मुलांना ताप होता आणि आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, यावर खूप चर्चा झाली. पण परत जायलाही रुग्णवाहिका मिळाली नव्हती, हेही त्याच बातमीत होतं. जी व्यवस्था मृतदेहाला वाहन देऊ शकत नाही तिने पुजाऱ्याच्या नावाने बोटं मोडताना जरा दमाने घ्यावं.

सांगड म्हणजे काय, याचा एक चांगला धडा आपल्या शेजारीच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून मरण आठवतं, आजाऱ्याला आत घेतात आणि आम्हाला बाहेर हाकलतात, अशी उत्तरं आली. मग शोधग्राम या 'सर्च'च्या वसाहतीतला दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला, रुग्णाबरोबर नातेवाईक राहतील अशी सोय केली आणि नावही लोकांनी सुचवलेलं दिलं: माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीचं ठाणं आवारातच आहे. यात औषध बदललेलं नाही. मलेरियाला मलेरियाचंच औषध, आणि शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रिया. पण तिथे येताना माणसाला आपला देव फाटकाबाहेर ठेवावा लागत नाही.

मनोरुग्णाच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांबरोबर नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. त्याच दशकात, १९५४ मध्ये, नायजेरियातल्या आरो इथे डॉ. थॉमस लॅम्बो यांनी रुग्णांना नातेवाइकांसह भोवतालच्या खेड्यांत ठेवलं आणि पारंपरिक उपचारकांनाही कामात घेतलं. दोघांना एकच गोष्ट उमगली होती: वेड लागलेला माणूस एकटा बरा होत नाही.

आता देवळाकडे येऊ. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले असाल. नांदेड-परभणीकडून येणारी माणसं, झरपट नदीतली आंघोळ, हलगी, आणि मग बायकांच्या अंगात येणं. माझे शहरातले सहकारी याकडे लक्षणांची यादी म्हणून बघतात. मला त्यात वर्षभर मान खाली घालून वावरणारी बाई चारचौघांत मोठ्याने बोलताना दिसते, आणि सासू तिच्या पाया पडताना दिसते. तेवढा अर्धा तास तिचं कोणी अडवत नाही. घरी परतल्यावर परिस्थिती तीच असते हे खरं. तरी माझ्या बाह्यरुग्ण विभागात तिला किती मिनिटं मिळतात हे मला माहीत आहे, म्हणून मी गप्प बसतो.

महाराष्ट्रातल्या महानुभाव पंथाच्या स्थानांवरही मनाने आजारी माणसं येत आली आहेत. विदा स्कुल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशाच एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की आजारी असतो घरातला मुलगा किंवा नवरा, आणि अंगात येतं ते आईच्या किंवा बायकोच्या. घरच्याचं दुखणं ती स्वतःवर ओढून घेते. यात माया आहे. पण ओढून घेण्याची पाळी नेहमी बाईवरच का येते, हा प्रश्नही आहे. तो कोणत्याही गोळीने सुटणारा नाही आणि कोणत्याही आरतीनेही नाही. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांबद्दल लिहिलं, तेव्हाही जगण्यातल्या आघातांतून सावरणाऱ्या माणसांची जागा म्हणूनच त्यांनी दर्ग्याकडे पाहिलं.

देवळाने खरंच बरं वाटतं का? २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तमिळनाडूतल्या एका छोट्या देवळाचा अभ्यास आला. गंभीर मानसिक आजाराचे ३१ जण तिथे येऊन राहिले. कुणाला औषध दिलं नव्हतं, कुणाला बांधलं नव्हतं. लक्षणं जवळजवळ २० टक्क्यांनी कमी झाली. देवभोळ्यांनी हा अभ्यास डोक्यावर घेऊ नये, कारण माणसं थोडी होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. माझ्या सहकाऱ्यांनीही तो कचऱ्यात टाकू नये. शांत जागा, ठरलेली दिनचर्या, थोडं काम, सोबतीला घरचं माणूस आणि शिव्या न देणारे शेजारी, एवढ्याने फरक पडतो. तो नवसाचा की निवाऱ्याचा, हे मला ठरवता येत नाही.

आता दुसरी बाजू. तमिळनाडूतच, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली ती या पार्श्वभूमीवर. कायदा झाला, पण सगळ्या साखळ्या सुटल्या असं कुणी समजू नये.

याच एरवाडीनंतर गुजरातने वेगळी वाट धरली. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. मनाने आजारी झालेले सगळ्या धर्मांचे लोक तिथे येतात, महाराष्ट्रातूनही जातात. २००८ पासून तिथे 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना प्रशिक्षण दिलं. दुआ ते करतात, आणि लक्षणं गंभीर दिसली की त्याच आवारातल्या दवाखान्यात रुग्णाला पाठवतात. मुजावराने सांगितल्यावर माणूस गोळी घेतो. मी सांगितल्यावर घेत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

घानामधली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. एका प्रार्थना शिबिरात बऱ्याच रुग्णांना साखळीला बांधून ठेवत. अभ्यासकांनी शिबिरातच काहींना औषधं द्यायला सुरुवात केली. त्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. साखळीत घालवलेले दिवस मात्र कमी झाले नाहीत. माणूस सुधारतो आणि तरी बांधलेलाच राहतो, कारण साखळी बांधणाऱ्याच्या डोक्यात असते. म्हणून 'आधी औषध पोहोचवू, बाकीचं आपोआप सुटेल' या आमच्या आवडत्या समजुतीवर माझा विश्वास उरलेला नाही. साखळीबद्दल वेगळं आणि आधी बोलावं लागतं. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये घाना आणि नायजेरियाचाच आणखी एक अभ्यास आला. त्यात पारंपरिक उपचारक आणि आरोग्य केंद्रातले कर्मचारी यांनी मिळून रुग्ण सांभाळले. तिथे निकाल चांगला होता.

पण चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत साखळीहूनही भयंकर एक गोष्ट आहे, आणि खरं तर तेच सांगायला मी आलो आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात खांबांना बांधून मारलं. ते दलित कुटुंबांतले होते. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारहाण करून जिवंत जाळलं. अशा घटनांच्या मुळाशी बहुतेकदा कुणाचा तरी आजार नाहीतर मरण असतं. कुणी तरी विचारलेलं असतं, हे कशाने झालं? आणि उत्तर 'कशाने'चं येत नाही, 'कुणी'चं येतं.

एका तरुणाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता. झोप गेली, एकटा पुटपुटायला लागला, आणि काकू आपल्या जेवणात काही तरी कालवते असं म्हणायला लागला. आमच्या भाषेत हा संशयाचा भ्रम, मनोविकाराचं लक्षण. घरच्यांनी एका बाबाकडे नेलं. बाबाने लिंबू कापलं, डोळे मिटले आणि सांगितलं, घरातलीच बाई आहे. झालं. काल जे एका आजारी पोराच्या डोक्यात होतं ते आज सगळ्या गावाचं मत झालं. काकूला कुणी पाणी भरू देईना. पुढे पोरगा माझ्याकडे आला, गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांत तो ताळ्यावर आला. एके दिवशी तो आपणहून म्हणाला, काकूचं काही नव्हतं, डॉक्टर. पण काकू तोवर घर सोडून लेकीकडे गेली होती. पोराचा भ्रम गोळीने गेला. गावाच्या भ्रमावर माझ्याकडे गोळी नव्हती.

दैव कोपलं, पितर अतृप्त आहेत, नवस राहून गेला, अशी कारणं पुजारी सांगतो तेव्हा मला ती पटत नाहीत. पण त्यांनी कुणाचा जीव जात नाही. घरचे लोक नवस करतात, एक कोंबडं जातं, थोडा खर्च होतो. काही वेळा घर एकत्र येतं तेही त्यामुळेच. पण मांत्रिक जिवंत माणसाचं नाव घेतो तेव्हा तो उपचार राहत नाही. तो निकाल होतो, आणि त्यावर अपील नसतं. ज्याचं नाव निघतं तो माणूस फार करून एकटा, गरीब, म्हातारा किंवा विधवा असतो. अशीच नावं निघतात, हा योगायोग नाही.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा इथे मदतीला येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यानंतर चार-पाच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा आहे. अमुक माणूस करणी करतो असं पसरवणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण हाच कायदा वारी, भजन, कीर्तन, प्रवचन, उपासना, प्रदक्षिणा यांना हात लावत नाही. विधिमंडळातल्या वर्षानुवर्षांच्या भांडणातून का होईना, सांगड कुठवर घालायची याची एक रेघ या कायद्याने ओढून ठेवली आहे. माझ्या धंद्यातल्या किती जणांनी ती वाचली आहे, ही शंकाच आहे.

धर्माच्या वाटेने जात मांत्रिकाला नाकारायचं, हे आपल्या भागाला नवीन नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी कितीतरी प्रतिज्ञा जुन्या देवदेवस्कीतून माणसाला मोकळं करणाऱ्या आहेत. अनेक घरांतून अंगारे-धुपारे गेले ते विज्ञानाच्या तासाला नव्हे, त्या दिवसानंतर. तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या जंगलात साधना केली आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. रोज संध्याकाळी एका ठिकाणी बसणं, सगळ्यांनी एका सुरात म्हणणं, कुणी आलं नाही तर घरी जाऊन विचारणं. नैराश्याच्या रुग्णाला मी औषधाबरोबर जे सुचवतो त्यातलं निम्मं यात आहे, आणि यात कुणाचं नाव काढायची सोयच नाही.

माझ्या पेशातही अध्यात्म कधीच शिरलेलं आहे. दारू सोडणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे हार मानणं हे तिच्या बारा पायऱ्यांच्या सुरुवातीलाच येतं. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मानसोपचारांइतकी किंवा त्यांहून सरस ठरली. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. या सगळ्या काळात ज्यांची दारू सुटली त्यांच्यातले काही कायद्यामुळे सुटले असतील, काही औषधाने. पण जे वर्षानुवर्षं सुटलेले राहिले त्यांच्याकडे बसायला एक बैठक होती, मग ती भजनाची असो की अनामिक मद्यपींची. विपश्यनेचंही तसंच. बौद्ध साधनेतून उचललेलं सजगतेचं तंत्र आज वारंवार येणाऱ्या नैराश्यावर डॉक्टर सुचवतात. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ज्याला भास होतात, त्याला दहा दिवस मौनात बसवू नका. विपश्यना केंद्रंही अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात. तो रकाना खोटा भरू नका.

मग करायचं काय? यात्रेत आरोग्य खात्याचा तंबू लागतो. तिथे ताप, उलट्या, साप-विंचू एवढंच बघतात. त्यात मनाच्या आजारांचं एक टेबल लावा, आणि ते देवळाच्या वाटेवर लावा, पार्किंगच्या मागे नको. विदर्भातलाच दाखला देतो. अमरावतीच्या ३० गावांत 'विश्राम' उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा अठरा महिन्यांत मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे नवं औषध नव्हतं, ओळखीचा चेहरा होता. आपल्याकडे तो चेहरा आशाताईचा आहे आणि पुजाऱ्याचाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या यादीशेजारी रंगवायला फार पैसे लागत नाहीत. आणि एवढं करून रुग्ण आणला तर तालुक्याच्या दवाखान्यात पुढच्या महिन्याची गोळी असली पाहिजे. गोळी संपली की माणूस पुन्हा बिघडतो, आणि पुजारी म्हणतो, बघा, मी सांगत होतो. त्या वेळी तो खोटं बोलत नसतो.

पुजाऱ्यांशी बोलताना मी तीनच गोष्टी मागतो: बांधू नका, चालू औषध थांबवू नका, आणि कुणा माणसाचं नाव घेऊ नका. पहिल्या दोन बहुतेक जण मान्य करतात. तिसरीवर थांबतात, कारण नाव सांगण्यातच त्यांचा दबदबा असतो. गडचिरोलीकडच्या एका वयस्कर पुजाऱ्याने बराच वेळ विचार केला आणि उलट अट घातली. मी तुझ्याकडे पाठवीन, पण बरा झाल्यावर तू त्याला माझ्याकडे परत पाठवशील का? त्याचा नवस माझ्याकडे बाकी असतो. मी हो म्हटलं. तेव्हापासून त्याच्याकडून आलेल्या रुग्णाच्या कागदावर औषधांच्या खाली मी एक ओळ लिहितो: नवस फेडायला हरकत नाही, गोळ्या त्या दिवशीही घ्याव्यात. तो कागद त्याला वाचता येत नाही, पण प्रत्येक वेळी शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घेतो असं ऐकतो. त्याने पाठवलेल्या कुणा रुग्णाच्या तोंडून अजून तरी कुणाचं नाव माझ्या कानावर आलेलं नाही.